एका हेडरवर पाच पंखे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरच्या घरी संगणक जोडण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख उपयोगाचा आहे, पण एका वाक्याशी अडखळलो. ‘मदरबोर्डवर पंख्यांसाठी जागा कमी पडल्यास स्प्लिटर लावावा,’ एवढंच सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले आहेत. नेमकं हेच करून मी हात पोळून घेतले, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर मोटारी आणि पंखे रिवाइंड केले. त्यामुळे पुतण्याने संगणक जोडायला काढला तेव्हा ‘काका, वायरिंग तुमच्याकडे’ म्हणाला. कॅबिनेटमध्ये पंखे पाच आणि बोर्डावर प्रोसेसरचा हेडर (पंख्याची वायर खोचायची पिनांची जागा) सोडला तर मोकळा हेडर एकच. एकाचे पाच करणारा स्प्लिटर खोचला, पाचही पंखे भिरभिरले, आम्ही झाकण लावून टाकलं. सात-आठ महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी पाचही गप्प. सुटे करून दुसऱ्या बोर्डावर लावले तर ठणठणीत फिरतात! मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, मेला होता तो बोर्डावरचा हेडर. १२ व्होल्टच्या पिनेवर काहीच येत नव्हतं.

मग भिंग घेऊन पंख्याचं लेबल वाचलं. १२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर. पाचांचे झाले सव्वा अँपिअर. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या हेडरपुढे स्वच्छ छापलेलं होतं: कमाल १ अँपिअर, १२ वॉट. स्प्लिटरवर पंखे समांतर जोडले जातात. व्होल्टेज सगळ्यांना तेवढंच मिळतं, करंटची मात्र बेरीज होते. हे मी लोकांना उभं आयुष्य सांगत आलो. पण इवलीशी पिन आणि अवघे १२ व्होल्ट पाहून माझाच मेंदू रजेवर गेला.

त्यात, थांबलेली मोटार उठताना जास्त करंट खेचते, हेही मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एरवी आमचे पंखे मंद फिरत, म्हणजे करंट लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमीच असणार. पण बटण दाबल्यावर आमचा बोर्ड सगळ्यांना क्षणभर पूर्ण वेगाने पळवायचा. रोज सकाळी पाच मोटारी एकदम उठत होत्या आणि रोज तो हेडर थोडा थोडा सोसत होता, असा माझा अंदाज.

तेव्हा स्प्लिटर घेण्याआधी प्रत्येक पंख्याचं लेबल वाचावं. नुसते वॉट दिले असतील तर १२ने भागावं, ३.६ वॉट म्हणजे ०.३ अँपिअर. बेरीज हेडरच्या मर्यादेला टेकू देऊ नये. एक अँपिअरच्या हेडरवर मी आता पाऊण अँपिअरच्या पुढे जात नाही. काही बोर्डांवर पाण्याच्या कूलरच्या पंपासाठी २ किंवा ३ अँपिअरचा हेडर असतो, पण ते पुस्तिकेत पाहूनच ठरवावं, पिनांवरून कळत नाही. प्रोसेसरच्या हेडरवर कॅबिनेटचे पंखे लादण्याचा मोह तर नकोच. पंख्यांतल्या रंगीत दिव्यांची वायर वेगळी असेल तर तिचा हिशेबही वेगळा. तिथे ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर खोचले की ते गेलेच समजा.

पंखे जास्त असतील तर हब (अनेक पंखे एकत्र जोडायची पट्टी) घ्यावा, पण एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, साटा वायरवर (हार्ड डिस्कला वीज देते तीच) चालणारा. त्या साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे साडेचार अँपिअर. बोर्डाकडून हबला फक्त वेगाचा हुकूम जातो, पंख्यांचा भार बोर्डावर पडत नाही. साटाची वायर अपुरी पडली म्हणून मोलेक्सवरून (जुन्या धाटणीच्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा करणारं कन्व्हर्टर लावू नये, निदान प्लॅस्टिक ओतून बनवलेलं तरी नाही. त्यात आतल्या आत तारा एकमेकींना चिकटून जळाल्याची उदाहरणं आहेत.

हबचेही नखरे असतात. आमच्या पाचांपैकी दोन पंखे तीन पिनांचे निघाले. चौथी पिन म्हणजे पीडब्ल्यूएमची, वेगाचा हुकूम तिच्यातून येतो. ती नाही म्हटल्यावर हे दोघे हबवर कायम पूर्ण वेगाने घोंगावतात. चार पिनांच्या पंख्यांसाठीही बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) हब जोडलेल्या हेडरला डीसीऐवजी (म्हणजे व्होल्टेज बदलून वेग बदलण्याऐवजी) पीडब्ल्यूएमवर ठेवावं लागतं, नाहीतर तेही ऐकत नाहीत. आणि बोर्डाला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) दिसतो तो एकाच पंख्याचा. बाकीच्यांपैकी एखादा धुळीने अडकून बसला तरी पडद्यावर सगळं आलबेल! (मध्यंतरी कारागिरीच्या खुमखुमीत मी स्प्लिटर घरीच सोल्डर केला आणि सगळ्या पंख्यांच्या आरपीएमच्या तारा एकत्र जोडल्या. पडद्यावर आकडा असा नाचू लागला की पुतण्या हसून लोळला.)

लेखमालेचा पुढचा भाग प्रोसेसरच्या कूलरवर असल्याचं आपण जाहीर केलं आहे. त्यात हेडरच्या अँपिअरच्या मर्यादेबद्दल चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

आमचा बोर्ड अजून चालू आहे. हबला हुकूम प्रोसेसरच्या हेडरवरून दिला आहे, प्रोसेसरच्या पंख्यासोबत. करंट तिथून फक्त त्या एकाच पंख्याला जातो. मेलेल्या हेडरवर पुतण्याने लाल टेप चिकटवून ठेवलीय आणि घरी कुणी आलं की झाकण काढून ती आवर्जून दाखवतो.

आपला,
एक निवृत्त वाइंडिंग कारागीर