वाचनालयातल्या काकांना

ती. काका,
सा. न.

इग्नू मुक्त विद्यापीठाचा निकाल लागला. तत्त्वज्ञानात एम.ए. झालो. कोर्स दोन वर्षांचा, मुदत चार वर्षांची. मला चारही लागली. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलणार.

शिरोलीच्या फाउंड्रीत पाळ्या करणाऱ्यानं धर्म, तत्त्वज्ञान, नीती कशाला शिकायची? आई म्हणाली होती, "ह्यानं पगार वाढतोय व्हय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. हातात होता फक्त इंग्रजी पुस्तकांचा गठ्ठा. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या 'कॅटेगॉरिकल इम्परेटिव्ह'पाशी गाडी अडली, तेव्हा तुम्ही "निरपेक्ष आदेश म्हण की, कुठलीही अट न घालता पाळायचा" म्हणालात आणि कपाटातून मराठी तत्त्वज्ञान महाकोश काढलात. १९७४ सालचे ते तीन खंड घरी न्यायला मिळत नाहीत, म्हणून टेबलच खिडकीशी सरकवून दिलंत.

मग न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, अनुमान आलं. डोंगरावर धूर, म्हणजे तिथं आग. हे सोपं होतं. गुऱ्हाळावर धूर दिसला की चुलवाण पेटलंय, हे आपल्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. पण उलटं का चालत नाही? आग आहे, म्हणून धूर आहे, असं का म्हणायचं नाही? तुम्ही विचारलंत, "तुमच्यात लोखंड लालबुंद होतं, त्यातनं धूर निघतो काय रे?" न्यायशास्त्रातला दाखला नेमका हाच निघाला. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. बारा वर्षं जे रोज बघत होतो, ते पंडितांनी कधीचं मांडून ठेवलं होतं. त्या रात्रपाळीत माझं अर्धं लक्ष भट्टीत होतं, अर्धं व्याप्तीत, म्हणजे धूर आणि आगीच्या त्या न चुकणाऱ्या नात्यात. (सुपरवायझरला सांगू नका.)

देव, परलोक काही न मानणाऱ्या चार्वाकावरची माझी असाइनमेंट मात्र तुम्ही पहिल्या पानावरच परत केलीत. "आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, नीट लिही. चार्वाक इथं बसलाय आणि 'होय, मला हेच म्हणायचंय' म्हणतोय, असं लिही. मग खोड." त्याचा स्वतःचा ग्रंथ उरलेला नाही, विरोधकांनी सांगितलं तेवढंच बहुतेक हाती आहे, म्हणून जास्तच जपून, असं तुमचं म्हणणं. रोज अंबाबाईचं दर्शन घेऊन वाचनालयाचं कुलूप काढणारा माणूस चार्वाकाची वकिली करत होता! तीनदा लिहायला लावलंत. राग आला होता, आता सांगतो.

खुनी दारात आला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, हे कांटचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. पण कांटची बाजू चार पानं लिहून काढलीय. सोमवारी पहिली पाळी आहे. चारनंतर घेऊन येतो.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा