'१०० टक्के तपासणी'चीही तपासणी हवी

महोदय,

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सुट्या भागांच्या कितीतरी पेट्यांवर '१०० टक्के तपासणी' असा शिक्का असतो. तरीही ग्राहक कंपनीच्या जोडणीच्या लाइनवर ब्लोहोल (ओतकामात वायूमुळे राहिलेले छिद्र) असलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, सापडतोच. मग तपासनिसाला मेमो मिळतो आणि त्याच्यापुढे आणखी एक तपासनीस बसवला जातो. त्याने फारसे साधत नाही. जो बारीक दोष पहिल्याच्या नजरेतून निसटतो, तो बहुधा दुसऱ्याच्याही निसटतो. शिवाय 'पुढे कोणी बघणारच आहे' म्हणून पहिलाही सैल पडतो.

व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने आपण न चुकता कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता पडताळायला, पाठवतो. डोळ्यांच्या निवाड्याची परीक्षा मात्र ऑडिटपुरती उरकली जाते. वाहन उद्योगात तिची रूढ पद्धत अशी: ५० जॉब, ३ तपासनीस, प्रत्येकाच्या ३ फेऱ्या, म्हणजे ४५० निर्णय. कोणता जॉब खरोखर ओके आणि कोणता रिजेक्ट, याची यादी जाणकारांनी आधीच ठरवून ठेवायची. दर फेरीला क्रम बदलायचा आणि जॉबवरचा नंबर तपासनिसाला दिसू द्यायचा नाही.

खरी गोम जॉब निवडण्यात आहे. उघड तुटलेले जॉब ठेवले की सगळेच तपासनीस पास होतात. निम्मे रिजेक्ट हवेत आणि ओके-रिजेक्टच्या सीमेवरचे जॉब दोन्ही बाजूंनी भरपूर हवेत. परीक्षा केबिनमध्ये नको, लाइनवरच्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली घ्यावी. लाइनवर एका जॉबला ८ सेकंद मिळत असतील तर इथेही ८च.

निकालात नुसती टक्केवारी फसवते. १०० जॉबमध्ये ५ खराब असताना सगळेच 'ओके' म्हणणारा ९५ टक्के बरोबर ठरतो! योगायोगाने जुळलेले निर्णय वजा करणारा 'कप्पा' हा आकडा त्याला शून्य देतो. कप्पा ०.७५ च्या वर हवा. खराब जॉब सोडण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत आणि चांगला नाकारण्याचे ५ टक्क्यांच्या आत हवे. २५ खराब जॉब ३ वेळा पाहिले की ७५ निर्णय होतात, म्हणजे एकच चूक माफ.

चूक कुठे आहे तेही यातून कळते. एकच माणूस तोच जॉब कधी ओके, कधी रिजेक्ट म्हणत असेल तर प्रकाश, थकवा किंवा चष्म्याचा नंबर पाहावा. प्रत्येक जण आपल्या मताशी ठाम, पण तिघांची मते वेगळी, तर लिमिट सॅम्पल (कुठवर ओके म्हणायचे ते दाखवणारा नमुना) नाही किंवा ते गंजून निरुपयोगी झाले आहे. तिघांचे एकमत आणि तरीही यादीशी विसंगत, तर शिकवण्यात किंवा यादीतच घोळ आहे. यांतल्या बहुतेक गोष्टी तपासनिसाच्या हातात नसतात. म्हणून मेमो काढण्याआधी ही परीक्षा घ्यावी. नवा तपासनीस, नवा जॉब किंवा बदललेला दिवा आला की पुन्हा घ्यावी. ग्राहक कंपन्यांनीही पुरवठादाराकडे शिक्क्याऐवजी हे आकडे मागावेत.

— गुणवत्ता विभागातील एक वाचक, पिंपरी-चिंचवड