त्या नळीत थुंकी भरण्याआधी

नागपूर

प्रिय सुषमा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मंजू, सेलमध्ये डीएनएची दोन किट मिळालीत, एक माझं, एक ऋचाचं. करून टाकू ना?" मी "थांब, लिहून पाठवते" म्हटलं आणि फोन ठेवला. राग मानू नकोस. फोनवर तुझी भाजी फोडणीला असते, माझ्याकडे दाराची बेल वाजत असते, आणि हा विषय अर्धवट बोलून सोडण्यासारखा नाही. काकूंचं, म्हणजे तुझ्या आईचं, आजारपण मी अगदी जवळून पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहिते. प्रकाशरावांनाही वाचायला दे.

पूर्वज, मूळ, टक्केवारी वगैरे तू बरंच बोललीस. पण तुझा खरा प्रश्न एकच आहे आणि तो तू उच्चारला नाहीस. काकूंना जे झालं ते तुझ्या लेकीला, ऋचाला, होईल का? मी आधी त्याचंच बोलते.

किटच्या नळीत तू थुंकी भरतेस, तेव्हा तिच्यात गालाच्या आतल्या पेशी आणि पांढऱ्या रक्तपेशी असतात. त्यांतला डीएनए काढून एका चिपवर तपासतात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. चिप त्यातली सहा-सात लाख ठिकाणं बघते, तीही आधीच ठरवलेली. जाडजूड पोथीतल्या ठरावीक पानांवरची ठरावीक अक्षरं तेवढी तपासावीत आणि बाकीची पोथी उघडूही नये, तसं हे काम. जी अक्षरं बघितली त्यांबद्दल चिप बहुतेक वेळा बरोबर सांगते. जी बघितलीच नाहीत त्यांबद्दल तिला काहीच सांगता येत नाही.

आता तुमच्या घराकडे बघ. काकूंना अंडाशयाचा कर्करोग पन्नाशीत झाला. लीलामावशींना, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीला, स्तनाचा, तोही चाळिशीच्या सुरुवातीला. हे दोन्ही एकाच घरात दिसले की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं येतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीला या जनुकांची घरगुती तपासणी विकायला परवानगी दिली, तेव्हा त्यात फक्त तीन बदल पाहिले जात होते. ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू कुटुंबांत आढळणारे. २०२३ मध्ये ही यादी ४४ पर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. पण या दोन जनुकांत रोगाला कारण ठरणारे हजारो बदल आजवर सापडले आहेत. मग अमरावतीच्या माहेरवाशिणीच्या लेकीला "बदल आढळला नाही" असा कागद आला, तर त्यावरून काय समजायचं? मला भीती याचीच वाटते. तो कागद वाचून तू निर्धास्त होशील आणि मॅमोग्राफीची तारीख पुढे ढकलशील.

उलटही घडतं. किटचा कच्चा डेटा डाउनलोड करून दुसऱ्याच एखाद्या वेबसाइटवर टाकायची पद्धत आहे. अशा डेटात सापडलेले धोक्याचे बदल एका अमेरिकन प्रयोगशाळेने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच. हा अभ्यास २०१८ चा आहे. म्हणजे घाबरवणारा कागद आला तरी तो शेवटचा शब्द नाही.

चाळणी तपासणी आणि खात्रीची तपासणी यांतला फरक मी सिकलसेलच्या, म्हणजे लाल रक्तपेशींच्या वंशागत आजाराच्या, शिबिरांत रोज बघते. तू कधी आली नाहीस, म्हणून सांगते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ते माणूस नुसतं वाहक आहे की आजारी, म्हणजे एएस की एसएस, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावीच लागते. गढूळ नळी बघून आम्ही कुणाला काहीही सांगत नाही. दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर समोर बसवून सांगतो, आणि शक्यतो एकट्याला नाही.

गडचिरोलीकडच्या एका मुलीचं मला अजून वाईट वाटतं. ती एएस निघाली. वाहक म्हणजे चालती-बोलती निरोगी मुलगी. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यतेने मूल आजारी होऊ शकतं, म्हणून मुलाचं रक्त तपासा असं आम्ही सांगितलं. मुलाकडच्यांनी तपासणी केली नाही, सोयरीक मोडली. जी तपासणी जोडप्याने मिळून निर्णय घ्यावा म्हणून होती, ती एकट्या मुलीवर शिक्क्यासारखी बसली. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेलची मोठी मोहीम सुरू आहे, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलंय, आणि ती व्हायलाच हवी. पण रिपोर्ट द्यायचा तर शेजारी समजावणारं माणूस हवंच, या मताची मी पक्की झाले ते या अशा घरांमुळे. आणि तुमच्याकडे हा रिपोर्ट रात्री अकरा वाजता फोनवर टिंग करून येणार. ऋचा तेव्हा बोस्टनला हॉस्टेलच्या खोलीत एकटी असेल.

म्हणून माझं म्हणणं असं. ऋचाचं किट तूर्त कपाटात ठेव. तिची पाळी सगळ्यात शेवटी येते. घरातल्या कर्करोगाचा माग काढायचा तर ज्या व्यक्तीला तो झाला, तिच्यापासून सुरुवात करायची असते. लीलामावशी आहेत, देवाच्या दयेने ठणठणीत आहेत. त्यांच्या रक्ताची दोन्ही जनुकांची पूर्ण तपासणी करायची, अक्षर न अक्षर वाचून, आणि एखादा तुकडा गळला किंवा दुप्पट झाला आहे का हेही बघून. त्यात नेमका बदल सापडला तर तुझ्यात तेवढा एकच शोधायचा. तो तुझ्यात नसेल तर हा धोका ऋचाला तुझ्याकडून जाऊच शकत नाही. असं "नाही" खरं असतं, त्याच्यावर विसंबता येतं. तुझ्यात असेल तर ऋचाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. मावशींत काही नाही निघालं तरी काकूंच्या आजारामुळे तुझी स्वतःची पूर्ण तपासणी करायची राहतेच.

आणि सुषमा, ऋचाच्या काळजीत तू स्वतःला पार विसरली आहेस. बीआरसीए-१ मध्ये असा बदल असलेल्या बायकांपैकी शंभरातल्या साठांहून अधिक जणींना आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाचा धोकाही खूप वाढतो, आणि तो लवकर कळेल अशी भरवशाची तपासणी आजही नाही. म्हणूनच अशा बायकांना मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नलिका काढून टाकायचा सल्ला देतात. आपण दोघी ते वय केव्हाच ओलांडून आलो. तुझी तपासणी ऋचाच्या आधी व्हायला हवी, आणि लवकर. तुमच्याकडे अमेरिकेत जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे वंशागत आजारांबद्दल समजावून सांगणारे तज्ज्ञ, सहज भेटतात, तुझ्या डॉक्टरकडून चिठ्ठी घे. काही निघालंच तर करण्यासारखं पुष्कळ आहे. तरुण मुलींना पंचविशीपासून दर वर्षी एमआरआय करता येतो, आणि आजार झालाच तर या बदलांवर नेमकी चालणारी औषधंही आता आहेत. कळण्याचा उपयोग आहे म्हणूनच नीट कळावं, असं मला वाटतं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. हा बदल बापाकडूनही येतो. तुझ्या यवतमाळच्या मामांना कर्करोग झालेला नाही, म्हणून त्यांचं घर यातून सुटलं असं नाही. त्यांच्यात तो गुपचूप असू शकतो आणि त्यांच्या दोन्ही मुलींत उतरू शकतो. मावशींच्या रक्तात जे निघेल ती मामांच्या मुलींचीही बातमी असेल. म्हणून आधी सगळ्यांना विचारू या. मावशींना ऑपरेशनच्या आठवणी नको असतील, मामींना मुलींच्या लग्नाची धास्ती असेल. ती धास्ती खोटी नाही, गडचिरोलीचं मी वर लिहिलंच. त्यांना वेळ देऊ, पण विचारल्याशिवाय पुढे जायला नको.

तुझ्या बाबांकडचं दुखणं हृदयाचं. दोन काका पन्नाशीच्या आत गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या कुमारसामी थंगराज यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळलेला प्रकार दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध आहे. असलेल्या सगळ्यांना आजार होतो असं मुळीच नाही. तेव्हा तिकडेही जनुकाच्या मागे धावण्याआधी तू आणि तुझ्या भावाने ईसीजी, इको, कोलेस्टेरॉल आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉलसारखाच एक चरबीयुक्त घटक) एवढं करून घ्या. शेवटची रक्ताची साधी तपासणी आहे, आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते, कारण तिची पातळी मुख्यतः वारशानेच ठरते.

बाबांचा विसरभोळेपणा वाढलाय असं तू म्हणालीस. किटमध्ये अल्झायमरच्या धोक्याचाही अहवाल असतो, एपीओई जनुकाचा. तो तुझ्या संमतीशिवाय उघडत नाही, आणि संमती देण्याआधी चार दिवस विचार कर. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये स्वतःचा सगळा जनुकसंच जगापुढे मांडला, पण हे एक जनुक तेवढं मला सांगू नका म्हणाले. त्यांच्या आजीला तो आजार होता. कळलं तरी आज त्यावर खात्रीचा उपाय नाही. मी स्वतः तो अहवाल उघडणार नाही. तुझं तू ठरव.

प्रकाशरावांना आपलं मूळ जाणून घ्यायचंय, ती हौस मला आवडली. त्यांना सांग, टक्केवारी दर वर्षी बदलली तर दचकू नका. कंपनी तुमचा डीएनए स्वतःकडे असलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते, नमुने वाढले की उत्तर बदलतं. आपल्या लोकांबद्दलची खरी रंजक माहिती संशोधनातून आलीय. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे जुने समूह एकमेकांत मनमुराद मिसळले, आणि त्यानंतर जातीतच लग्नं करायची रीत घट्ट झाली. आज आपण ज्याला शुद्ध घराणं म्हणतो, तेही आत खोलवर मिश्रच आहे. हे मला फार मोलाचं वाटतं. त्या घट्ट रीतीची किंमतही दिसते. आंध्रच्या वैश्य समाजात भूल देण्याच्या एका औषधाने स्नायू बराच वेळ लुळे राहतात, कारण ते औषध मोडणारं प्रथिन वारशानेच कमी असण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांहून कितीतरी पट जास्त आहे. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणच्या सांगाड्यातून डीएनए मिळाला तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे त्या कामात पुढे होते, २०१९ मध्ये तो निबंध आला. प्रकाशरावांना ते सगळं वाचायला आवडेल.

पण त्यांचे पणजोबा कोकणातून वऱ्हाडात कधी आणि का आले, हे थुंकीतून निघणार नाही. दहा पिढ्या मागे गेलं की आपले १०२४ पूर्वज होतात, आणि त्यातल्या कित्येकांचा एक कणही आपल्यात उरलेला नसतो. त्यासाठी नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, तहसिलीतलं कोतवाल बुक, म्हणजे जुन्या जन्ममृत्यूंच्या नोंदींची वही, आहे. मोडी वाचणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, घेऊन जाईन मी त्यांना.

डेटाचंही लिहायला हवं. २०२३ मध्ये त्याच ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मग तिच्या सहसंस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेने ती विकत घेतली. मधले काही महिने ग्राहकांना आपला डीएनए कुणाच्या हाती जाणार हेच कळत नव्हतं. पासवर्ड बदलता येतो, हे बदलता येत नाही. अमेरिकेतला २००८ चा कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यापुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही. ऋचाचा आयुर्विमा काढायचा असेल तर तो आधी काढून घ्या. आणि नातेवाईक जुळवून देण्याचं बटण दोन्ही किटवर बंद ठेवा. त्यातून लोकांना न माहीत असलेली सावत्र भावंडं भेटली आहेत, दत्तक घेतल्याचं पन्नाशीत कळलं आहे. कुणाच्या घरात काय झाकलेलं आहे, हे आपल्याला काय ठाऊक?

जानेवारीत येशील तेव्हा दोन दिवस अमरावतीसाठी राखून ठेव. मावशी, मामा आणि तुझ्या चुलत आत्या यांच्याशी बसून बोलू. कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं, आणि त्याचा कागद कुणाकडे आहे का, एवढं विचारायचं. तुझी आजी "पोटात पाणी होऊन" गेली असं काकू सांगायच्या, आठवतं? वय विचारलं तर कुणी म्हणे पंचेचाळीस, कुणी म्हणे साठ. मला त्या आजाराबद्दल फार जाणून घ्यायचंय, कारण अंडाशयाच्या कर्करोगात पोट असंच पाण्याने फुगतं. सलग दोन पिढ्यांत तो निघाला तर चित्रच बदलेल. आत्या ब्याऐंशीच्या आहेत, तेव्हा हे पुढच्या खेपेवर टाकू नकोस.

आणि एक काम आजच कर. काकूंच्या फाइलमध्ये ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा, रिपोर्ट असेल. त्यात "हाय ग्रेड सिरस" (अंडाशयाच्या कर्करोगाचा एक प्रकार) असं लिहिलंय का बघ आणि कोपऱ्यातल्या ब्लॉक नंबरासकट फोटो पाठव. गाठीचा तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ठोकळा हॉस्पिटलने अजून जपला असेल तर त्यातूनही काही कळू शकेल, मी इथून चौकशी करते. मावशींना फोन तू करतेस की मी करू, तेवढं कळव. माझ्या मते तू केलास तर बरं, तुझा आवाज ऐकला की त्या मोकळ्या होतात.

ऋचाला खूप खूप आशीर्वाद, बाबांना नमस्कार.

तुझीच,
मंजू