मागं राहिलेल्यांची नावं

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून लिहितोय.

गेमसाठी तू रचलेल्या त्या घोडेवाल्या जमातीची पानं धाकट्यानं रात्री वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, वाचून दाखवली. तलवारीला हळद लावून शपथ घेतात, पावसामागं चालतात. आबा दोनदा म्हणाले, पोरीनं आपलंच, धनगरांचंच लिवलंय. मला लई अभिमान वाटला, तेच सांगायचं राहिलं. पण चालताना जो मागं राहील त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, ही रीत तू कुठनं आणलीस?

आपल्यात असं नाही. गुडघे गेल्यावर तुझी आजी तीन हिवाळे घोडीवर बसून घाट उतरली. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी लावल्यावर मोजणीत एक मेंढरू कमी आलं तर घास उतरत नाही. रानात राहिलेल्याला तर आपण देव मानलं. ओवीत सुरावंतीचं बाळ रानात राहतं, मायाक्का त्याला वाढवते, तोच आपला बिरोबा.

आणि नुसती तलवार लिहू नकोस. पट्टणकोडोलीच्या जत्रेत हेडाम, तो तलवारीचा नाच, बघायला तुला खांद्यावर घेतलं होतं. तुला तलवारच आठवते, पण भंडारा उधळला की लहानथोर एकाच रंगाचे होतात, ते लिही. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं. ज्याच्याशी आज भांडू, त्याच्याच रानात उद्या मुक्काम पडतो. फिरत्या माणसाला जिभेवर ताबा लागतो. तुझ्या जमातीत तीन दगडांची चूल मांडणारी बाई कुठाय? तिच्याशिवाय लढणारा सकाळी उठायचा कसा?

बघ, सांगतच सुटलो. गेममधलं मला काय कळतंय. राग मानू नकोस.

पण ती रीत डोक्यातनं जात नाही. होळचे मल्हारराव होळकर, १६९३ सालचे. बाप लवकर गेला, खानदेशात तळोद्याला मामाकडं वाढले, पुढं इंदूरचे धनी झाले. मामाकडं ठेवलं म्हणजे टाकलं, असं होत नाही गं.

तुला मामाकडं शाळेला ठेवलं तेव्हा तू सहा वर्षांची. ओढ्याच्या फरशीपर्यंत पळत आलीस, एका पायात चप्पल. घोडीवर भांडी, कोंबड्या आणि दोन दिवसांचं कोकरू. आईनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचा पाय पुढं पडला नसता. कोकराला जागा होती, मला नव्हती, असं तू दहावीला असताना म्हणालीस. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आत्ता सांगतो. कोकणात रोज रात्री मेंढरं मोजून झाली की आई शेवटी तुझं नाव घ्यायची. मोठ्यानं. एक दिवस चुकला नाही. धाकट्याला वाटायचं, मोजणी अशीच संपते.

दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळून निघतोय. कुंभार्ली घाटाच्या अलीकडं दोन रात्री मुक्काम आहे. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर तसं कळव, पण फोन उचल. तुझी घोंगडी आईनं झटकून घोडीवर बांधलीय.

तुझा,
बाबा