‘लो सोडियम’ मीठ सरसकट सर्वांसाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तदाबावरच्या आरोग्यसदरांतून ‘साधे मीठ सोडा, लो सोडियम मीठ घ्या’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्याला आधार आहे. चीनच्या ग्रामीण भागात झालेल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २०२१) ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२५ च्या शिफारशीतूनही मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले वगळलेली आहेत. सदरांतून नेमका हाच भाग गळतो, म्हणून हे पत्र.

या मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम येते आणि धोका त्याचाच आहे. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आत दर लिटरला साधारण १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), बाहेर रक्तात जेमतेम ४. पेशीपटल मेदाचे असल्याने विद्युतभारित आयन त्यातून आपोआप जात नाहीत. त्यांना पटलातल्या प्रथिनांमधूनच जावे लागते. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) एक रेणू खर्च करतो. पेशीवरचा विद्युतभार हा पंपच थेट निर्माण करतो, असा समज विद्यार्थ्यांत पक्का असतो. प्रत्यक्षात पंपाचा थेट वाटा थोड्या मिलिव्होल्टचाच. तो आत-बाहेरचा फरक राखतो; विभव, म्हणजे पेशीच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक, मुख्यतः तयार होतो तो सतत उघड्या असणाऱ्या पोटॅशियम चॅनलमधून (आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनांतून). या चॅनलचा अरुंद भाग विलक्षण आहे. सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही तिथे अडतो, कारण त्याच्याभोवतीचे पाणी सोडवून घेण्याची किंमत चॅनलमधले ऑक्सिजन अणू भरून देऊ शकत नाहीत. पोटॅशियमशी त्यांचे अंतर बरोबर जुळते. पोटॅशियम बाहेर झिरपते, आत ऋणभार उरतो आणि तोच त्याला मागे खेचतो. ही ओढाताण ज्या विभवाला थांबते, तो हिशेबाने उणे ९४ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. हृदयाच्या स्नायुपेशी विश्रांतीत याच्याच जवळ असतात.

आता बाहेरचे पोटॅशियम ४ वरून ७ झाले, तर तोच हिशेब उणे ७९ देतो. फरक १५ मिलिव्होल्टचा, पण हृदयातला विद्युतसंदेश पुढे नेणाऱ्या सोडियम चॅनलचा एक मोठा हिस्सा त्यामुळे निष्क्रिय अवस्थेतच अडकून राहतो. हृदयात संदेश मंदावतो, ईसीजीत टी लहरी टोकदार होतात, मग क्यूआरएस (ठोक्याच्या वेळची मुख्य लहर) रुंदावतो आणि ठोके अनियमित होऊन हृदय थांबूही शकते. अनेकांना आधी काहीच जाणवत नाही.

प्रमाण पाहा. २५ टक्क्यांच्या मिठाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, सुमारे १७ मिलिमोल पोटॅशियम असते. प्रौढाच्या शरीरात पेशींबाहेर सगळे मिळून ६० च्या आसपास. निरोगी मूत्रपिंडे हा भार सहज बाहेर टाकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत मात्र अल्डोस्टेरॉनचा (पोटॅशियम लघवीत टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा) परिणाम कमी झालेला असतो आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांतून पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट आखडते. इब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी त्यात भर पडते. ही औषधे मुख्यतः रक्तदाब आणि हृदयविकाराच्याच रुग्णांना दिली जातात. ‘लो सोडियम’चा सल्लाही त्यांनाच दिला जातो. शहाळ्यातही पोटॅशियम असते, म्हणून रोज शहाळे पिण्याचा सल्लाही मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये.

म्हणून हे मीठ सुरू करण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे. नमुना नीट घेणेही तितकेच महत्त्वाचे. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ वारंवार उघडझाप करायला लावली किंवा सिरिंज जोराने ओढली, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वेगळे न करता रक्त फ्रीजमध्ये ठेवले तरी तसेच होते, कारण थंडीत पंप मंदावतो आणि गळती चालूच राहते. खेड्यातल्या संकलन केंद्रांनी सीरम दोनेक तासांत वेगळे करूनच नमुना शहरात पाठवावा. उलट, आकडा खरा असू शकतो आणि ईसीजी बदललेला आहे, अशा वेळी पुन्हा तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसणे धोक्याचे. कॅल्शियम ग्लुकोनेट काही मिनिटांत हृदयाला आधार देते, पण पोटॅशियम कमी करत नाही. इन्सुलिन व ग्लुकोज पंपाचा वेग वाढवून ते पेशींत ढकलतात, काही तासांपुरतेच. त्या काळात साखर वरचेवर तपासावी लागते. शरीराबाहेर पोटॅशियम काढायचे तर लघवीवाटे, आतड्यात ते बांधून ठेवणाऱ्या औषधांनी किंवा डायलिसिसने.

आमची मागणी साधी आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ‘सोडियम कमी’ ज्या आकारात छापतात, त्याच आकारात ‘पोटॅशियम क्लोराइड अमुक टक्के, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे’ असे मराठीत छापले जावे. औषध दुकानदारांनी वर सांगितलेल्या गोळ्या देताना ग्राहकाला ‘घरी कोणते मीठ वापरता?’ एवढे विचारावे. आणि आपल्या आरोग्यसदरात ‘लो सोडियम’चा सल्ला पुन्हा येईल, तेव्हा ही इशाऱ्याची ओळ त्याच परिच्छेदात असावी, ही विनंती.

– शरीरक्रियाशास्त्राचे दोन अध्यापक, सोलापूर