डॅफ्नी मेजरच्या फिंचांना पुन्हा हलतं केल्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावरच्या फिंच या लहान पक्ष्यांच्या चोची पिढ्यान्पिढ्या कशा बदलतात ते दाखवणारं आमचं ब्राउझर सिम्युलेशन तुम्ही ओळ न् ओळ तपासलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

1977 च्या दुष्काळात त्या बेटावरचं बारीक, मऊ बी संपत गेलं. उरलं ते आपल्या सराट्याच्याच जातकुळीतलं टणक, काटेरी बी. मध्यम भूफिंचांची संख्या सुमारे 85 टक्क्यांनी घटली आणि जाड चोचीचे पक्षी जास्त तगले. जीवशास्त्रज्ञ पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांच्या चमूनं हे प्रत्यक्ष मोजलं. आमच्या पडद्यावर मात्र सातआठ पिढ्यांत सगळ्या चोची सारख्या व्हायच्या. मग दुष्काळ पाडा नाहीतर पाऊस, आलेख ढिम्म.

आमचा सगळा भर म्युटेशनचा, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांचा, दर वाढवण्यावर होता. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत एका ओळीवर: पिल्लाची चोच म्हणजे आईबापांची सरासरी. जोड्या स्वैर जुळत असतील तर अशा सरासरीनं दर पिढीत व्हेरियन्स (चोचींमधल्या फरकाचं माप) निम्मा होतो, सात पिढ्यांत 128 वा भाग. निवडायला काही उरतच नाही. 1867 मध्ये अभियंते फ्लीमिंग जेंकिन यांनी डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांतावर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता, ही तुमची टीप फार मोलाची. उपायही तुमचाच: चोचीसाठी 20 जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, पिल्लाला दर जागी आईच्या दोहोंतली कुठलीही एक आणि बापाच्या दोहोंतली कुठलीही एक. जाडी ठरते 40 प्रतींच्या बेरजेवर. आता फरक टिकतो.

आकडे क्रमानं लावणाऱ्या सॉर्टला तुलनेचं फंक्शन दिलं नव्हतं, तेही तुम्हीच पकडलंत. जावास्क्रिप्ट अशा वेळी आकडे मजकुरासारखे लावतं, म्हणून 100 हे 9 च्या आधी, आणि क्रमवारीच उलटसुलट.

सगळ्यात लपलेली चूक घड्याळाची. पक्ष्यांची भूक फ्रेमगणिक, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी नव्यानं रेखाटताना, वाढत होती, बी मात्र टायमरवर उगवत होतं. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या, पडद्यावर सुरळीत. 144 हर्ट्झवर भूक 2.4 पट आणि बी तेवढंच, म्हणून कळप नामशेष. आता दोन्ही एकाच टिकवर, म्हणजे सिम्युलेशनच्या घड्याळाच्या एकाच ठोक्यावर, चालतात.

1983 च्या अतिवृष्टीनंतर बेटावर बारीक बी मुबलक झालं आणि लहान चोचींचं फावलं. ती उलटी चाचणी जोडायला सांगितलीत, तेव्हापासून बदललेला कोड आधी तिच्यातून जातो.

आपले ऋणी,
फिंच सिम्युलेशनवर काम करणारे आम्ही सगळे