कापलेल्या पट्टीसह मंत्रिमहोदयांस खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी एका सरकारी कार्यालयाकडून मला दोन ओळींचे पत्र आले. औषध कंपन्यांनी दुष्परिणामांची माहिती रुग्णाला त्याच्या भाषेत द्यावी, या माझ्या अर्जावर 30 दिवसांत कार्यवाही करण्याचे आश्वासन मिळाले होते. आठ महिन्यांनंतर कळले की अर्ज ‘दप्तरी दाखल’ करण्यात आला आहे. चौतीस वर्षे शाळेत नोकरी केलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून आता चारचौघांसमक्ष लिहितो आहे.

माझे वय 67. दम्यासाठी अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. गेल्या वर्षी लघवीच्या संसर्गावर मला लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिहून दिले गेले. मेडिकलवाल्याने दहाच्या पट्टीतून पाच गोळ्या कात्रीने कापून दिल्या. माहितीपत्रकाचा कागद काही माझ्या हाती आला नाही. चौथ्या दिवशी टाच दुखू लागली, तेव्हा मी चप्पल बदलली. सहाव्या दिवशी रंकाळ्याची फेरी आटोपून घराची दुसरी पायरी चढलो आणि उसाचे कांडे मोडावे तसा आवाज होऊन खाली बसलो. टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली होती. शस्त्रक्रिया, सहा आठवडे प्लास्टर, 1,12,000 रुपये. आणि मुलीच्या पाठवणीला तिचा बाप वॉकर धरून उभा.

महोदय, हा धोका गुपित नव्हता. लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांमुळे कंडरा तुटू शकते, आणि साठी उलटलेल्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला हा धोका अधिक असतो, हे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 साली कंपन्यांना ठळक चौकटीत छापायला लावले. तिथे साध्या भाषेतली माहिती गोळ्यांबरोबर रुग्णाच्या हातात द्यावी लागते. आपल्या देशातून तिकडे जाणाऱ्या औषधांनाही तोच नियम. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकासाठी छापताना मात्र शाई संपते काय?

आपण म्हणाल, क्यूआर कोड आहे. आहे ना! 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडांवर तो बंधनकारक झाला, आणि त्यातून औषधाचे नाव, कंपनीचा पत्ता, बॅच क्रमांक, दोन तारखा व परवाना क्रमांक एवढे सगळे कळते. टाच का दुखते आहे, तेवढे कळत नाही. औषध कंपन्यांसाठीच्या 2024 च्या सरकारी विपणन संहितेने औषधाला सरसकट ‘सुरक्षित’ म्हणण्यास आणि त्याला दुष्परिणाम नाहीत असे ठामपणे सांगण्यास मनाई केली आहे. तक्रार मात्र कंपन्यांच्याच संघटनेतील समितीकडे करायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या!

काठी टेकत मी महाद्वार रोड आणि मंगळवार पेठेतली अकरा दुकाने फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी या गोळीचे माहितीपत्रक मागितले. नऊ ठिकाणी ‘डॉक्टरांना विचारा’ असे उत्तर मिळाले. एकाने मला कंपनीचा माणूस समजून चहा पाजला. एकाने खरेच कागद शोधून दिला, पण तो इंग्रजीत होता आणि त्याची अक्षरे मुंगीच्या पायाएवढी होती. दुकानदारांना मी दोष देत नाही. डॉक्टरांच्या दारात चाळीस माणसे बसलेली असतात, त्यांनाही किती देणार? जिला सगळे ठाऊक आहे आणि जिचा गल्ला भरतो, त्या कंपनीने सांगायला हवे. पण तिला सांगायला लावणार कोण? निवडणूक रोख्यांची यादी 2024 मध्ये बाहेर आली, तेव्हा तीत औषध कंपन्याही होत्या. ती यादी मी वाचली. तिथली अक्षरे चांगली मोठी होती. पक्षाला देणगी देताना हात आखडत नाही, रुग्णाला चार ओळी देताना मात्र कागद महाग होतो, आणि आम्ही आपले दर पाच वर्षांनी रांगेत उभे राहून बोटाला शाई लावून घेतो.

मागणे एवढेच आहे की प्रत्येक गोळीचे गंभीर धोके मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, कापून दिलेल्या पाच गोळ्यांबरोबरही मिळावेत आणि त्या क्यूआर कोडात बॅच क्रमांकाशेजारी त्यांनाही जागा द्यावी.

सोबत माझ्या पट्टीचा उरलेला तुकडा जोडला आहे. कंडरेविषयी त्यावर एक अक्षर जरी सापडले, तरी कळवावे. भिंग लागल्यास माझे पाठवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर